चेनसॉ दहा मिनिटं चालते आणि बंद पडते: बंद पडल्या जागीच काय तपासावं

लक्षण असं. सकाळी थंड मशीन दुसऱ्या-तिसऱ्या हिसक्याला सुरू होतं, ऐनाचे चार ओंडके सुरेख कापून देतं. मग आवाज बारीक होतो, ताकद उतरते आणि पट्टी (जिच्या कडेने चेन फिरते ती) ओंडक्यात अर्ध्यावर असतानाच मशीन गप्प होतं. त्यानंतर दोरी कितीही ओढा, खांदा भरून येतो पण ते हूं की चूं करत नाही. वैतागून चहाला बसावं, अर्ध्या तासाने परत ओढावं, तर पहिल्या हिसक्याला सुरू. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा तेच.

मी दापोली तालुक्यातला. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या आवारातली दोन कलमं, एक फणस आणि वाडीच्या रस्त्यावर कितीतरी झाडं आडवी झाली. कोयता-कुऱ्हाडीने ते आवरणारं नव्हतं. त्या वर्षी मी एक जुनी चेनसॉ घेतली. ४५ सीसी, १८ इंची पट्टी, आधीच्या मालकाने दहा-बारा वर्षं वापरलेली. तेव्हापासून बंबाचं आणि चुलीचं सरपण तिच्यावरच. आगोटीच्या आधी पडवी भरायची म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात सलग काम, आणि हा आजार नेमका तेव्हाच डोकं वर काढतो.

आमच्या मशीनला तो तीन वेळा झाला, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. पहिल्या खेपेला मी नवा प्लग घातला, कार्बोरेटरचे स्क्रू फिरवले, मशीन मोटरसायकलवर बांधून मेकॅनिककडे दोनदा नेलं. तिथे पोहोचेपर्यंत ते थंड व्हायचं आणि त्याच्यासमोर एका हिसक्यात सुरू व्हायचं. त्याला दोष दिसणार तरी कसा? हा दोष मशीन नुकतं बंद पडलेलं असतानाच दिसतो. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की मशीन बंद पडल्यापासूनची पहिली पाच मिनिटं वाया घालवू नका. दोरी ओढत बसू नका, आणि चोकला तर हातही लावू नका. गरम मशीनचा चोक ओढला की प्लग पेट्रोलने न्हाऊन निघतो. मग मुळात पेट्रोल येत होतं की नव्हतं, हे कळायचा मार्गच उरत नाही.

लाकडं कापायला जाताना खिशात प्लगचा पाना (त्याच्याच दुसऱ्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर असतो), एक चांगला चालता प्लग आणि कोरडा फडका ठेवा. पुढचं सगळं एवढ्यावर होतं.

सगळ्यात आधी टाकीचं झाकण

मशीन बंद पडलं की ते सपाट जागी ठेवा आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण अगदी हळू, अर्धा फेरा सोडा. तोंड लांब ठेवा आणि झाकण सायलेन्सरपासून दूर राहील असं मशीन वळवून घ्या. उन्हात तापलेल्या टाकीत कधी दाब भरलेला असतो आणि पेट्रोल उसळून बाहेर येऊ शकतं. जवळपास कुणी विडी ओढत असेल तर त्याला आधी उठवा.

आता कान द्या. बारीक ‘फुस्स’ करून हवा आत गेली, झाकण परत लावून दोरी ओढल्यावर मशीन सुरू झालं, तर दुखणं सापडलं. टाकीतलं पेट्रोल जसजसं संपतं तसतशी त्याच्या जागी हवा आत यायला हवी. त्यासाठी एक बारीक श्वासनळी असते. काही मशीनमध्ये ती झाकणात असते, काहींत टाकीच्या वरून हँडलच्या आत गेलेल्या रबरी नळीच्या टोकाला. तिच्यात भुसा आणि चेनचं ऑइल यांचा लगदा बसला की टाकी आतून पेट्रोल ओढून धरते. कार्बोरेटरला पेट्रोल मिळेनासं होतं आणि मशीन उपाशी मरतं. अर्ध्या तासात हवा कुठूनतरी झिरपते, म्हणून ते ‘बरं’ होतं. उष्णतेचा यात काही संबंध नसतो, संबंध असतो तो टाकीतून किती पेट्रोल गेलं याच्याशी.

आमचं पहिल्या वर्षीचं दुखणं हेच होतं. श्वासनळीच्या टोकाचं बोंडूक काढून पेट्रोलमध्ये धुतलं, तोंडाने फुंकर मारली, झालं. ही नळी हवा आत घेते पण पेट्रोल बाहेर सोडत नाही, अशी एकमार्गी असते. म्हणून सुई घालून तिचं भोक मोठं करू नका, नाहीतर मशीन आडवं केलं की पेट्रोल गळेल. झाकण ढिलं ठेवून काम भागवणारेही मी पाहिले आहेत. तापलेल्या सायलेन्सरच्या शेजारी सैल झाकण म्हणजे आग हातात घेऊन फिरणं, ते कुणीही करू नये.

‘फुस्स’ झालंच नाही तर प्लग

झाकण घट्ट लावा आणि लगेच प्लग काढा. हाताला चटका बसेल, फडक्याने धरा. प्लगचं टोक नीट बघा. ते ओलं आहे का कोरडं, यावरच पुढची वाट ठरते.

कोरडं असेल तर पेट्रोल वर येत नाही. खात्री करायची असेल तर प्लगच्या भोकात टू-टी ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचे चार-पाच थेंब टाका, प्लग लावा आणि ओढा. दोन-तीन सेकंद फटफटून परत बंद झालं तर ठिणगी ठीक आहे, दोष पेट्रोलच्या वाटेवर आहे.

ओलं असेल तर ठिणगी तपासायची. आधी प्लगच्या भोकावर फडका दाबून ठेवा. आतून पेट्रोलची वाफ उडते आणि ती पेट घेते. प्लग टोपीत घालून त्याचं धातूचं अंग सिलिंडरवरच्या धातूच्या पातळ कडांना टेकवून धरा, भोकापासून शक्य तितकं लांब, आणि सावलीत दोरी ओढा. टच्च निळी ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी, मध्येच गायब होणारी ठिणगी असेल किंवा मुळीच नसेल, तर खिशातला चांगला प्लग लावून परत बघा. त्यानेही काही झालं नाही तर मशीन तसंच ठेवा आणि थंड झाल्यावर पुन्हा पाहा. गरम असताना ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर जोरकस, असं असेल तर कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज पुरवणारा भाग, गेली.

आमचं तिसऱ्या वर्षीचं दुखणं हे. तरीही कॉइल विकत घ्यायच्या आधी एक काम जरूर करा: बंद करायच्या स्विचकडे जाणारी बारीक वायर कॉइलवरून काढून बघा. जुन्या मशीनमध्ये त्या वायरचं आवरण कुठेतरी घासून निघतं, गरम झाल्यावर तांबं धातूला टेकतं आणि मशीनला वाटतं की कुणीतरी स्विच बंद केला. वायर काढल्यावर गरम मशीनलाही ठिणगी आली तर एका टेपच्या तुकड्यावर काम भागलं. फक्त वायर सुटी असताना मशीन सुरू करू नका, बंद कशाने करणार?

नवी कॉइल बसवताना तिचे पाय आणि फ्लायव्हीलचं (इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकाचं) चुंबक यांत ०.३ मिमीच्या आसपास फट हवी. साधं व्हिजिटिंग कार्ड मध्ये ठेवा, चुंबक कॉइलसमोर आणा, ते कॉइलला ओढून घेईल, तसेच स्क्रू आवळा आणि कार्ड फिरवून काढून घ्या. समुद्राकाठच्या हवेत चुंबकावर आणि कॉइलच्या पायांवर गंज चढतो. तो आधी बारीक पॉलिश पेपरने काढा.

कोरडा प्लग म्हणजे पेट्रोलच्या वाटेची चौकशी

टाकीपासून सुरुवात करा. तारेचा आकडा करून टाकीतली नळी बाहेर ओढा, तिच्या टोकाला फिल्टर असतो. तो काळा-तपकिरी आणि कडक झाला असेल तर फेकून द्या, धूत बसू नका. मग नळी दोन बोटांत वाकवून बघा. जिथे ती टाकीच्या भिंतीतून बाहेर पडते, नेमकी तिथे तडा जातो, आणि सरळ असताना तो दिसत नाही. चिकट, फुगलेली, दाबल्यावर तशीच चपटी राहणारी नळीही बदलायची.

नळीवरून पेट्रोलचा विषय काढणं भाग आहे. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या मशीनचं रबर त्या विचाराने केलेलं नव्हतं, ते फुगतं किंवा कडक होतं. त्याहून वाईट म्हणजे इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा? पुरेसं पाणी शोषलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि तळाशी बसतो. ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. फिल्टर असतो तळाशी. म्हणजे पहिल्याच हिसक्याला इंजिनात जातं ते ऑइल नसलेलं पाणचट मिश्रण. जूनमध्ये भरलेली टाकी ऑक्टोबरात सुरू करणाऱ्यांचे पिस्टन असेच जातात. जुनं मिश्रण काचेच्या पारदर्शक बाटलीत ओतून तासभर ठेवा. तळाला वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर ते मशीनमध्ये घालू नका.

फिल्टर आणि नळी ठीक असतील तर राहिला कार्बोरेटर. चेनसॉ कुठल्याही अंगाला वळवून चालवावी लागते, म्हणून तिच्या कार्बोरेटरमध्ये स्कूटरसारखी तरंगती बोंडी नसते. दोन पातळ पडदे असतात, डायफ्राम. एक पेट्रोल ओढून आणतो, दुसरा किती सोडायचं ते ठरवतो. नवा डायफ्राम केळीच्या कोवळ्या पानासारखा लवतो. दुसऱ्या वर्षी आमचा काढला तेव्हा वाळक्या पत्रावळीसारखा कडकडत होता. असा पडदा थंड मशीनला जेमतेम पुरतो, पण सलग पूर्ण वेगावर चालवलं की त्याची दमछाक होते.

कार्बोरेटरवर वॉलब्रो किंवा झामा असं कंपनीचं नाव आणि आकडे कोरलेले असतात. मोबाईलवर त्याचा फोटो काढून दुकानात दाखवा आणि त्याच नंबरचं डायफ्राम-गॅसकेटचं किट मागा. ‘४५ सीसीचं द्या’ म्हणून आणलेलं किट बसेलच असं नाही. उघडण्याआधी बाहेरून ब्रशने स्वच्छ करा, पांढऱ्या कापडावर उघडा आणि प्रत्येक थर निघाला की फोटो काढा. कुठे आधी गॅसकेट आणि कुठे आधी पडदा हा क्रम चुकला तर सगळी मेहनत वाया जाते. पेट्रोल ओढणाऱ्या पडद्याच्या बाजूला नखाएवढी बारीक जाळी असते, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तिच्यात मऊ शेवाळासारखा गाळ साचलेला असतो. बारीक छिद्रांत तार घालू नका. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारायचा तोही रबर काढून ठेवल्यावरच.

स्क्रूंबद्दल. एल हा हळू वेगाचा, एच पूर्ण वेगाचा आणि तिसरा निव्वळ आयडलिंगचा. फिरवण्याआधी एल आणि एच हलक्या हाताने पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवा. बहुतेक मशीनना दोन्ही एक-एक फेरा उघडे ठेवून सुरुवात करता येते. रेस दिल्यावर मशीन गुदमरत असेल तर एल थोडा उघडा. एच लावताना कान वापरा: लाकडाबाहेर पूर्ण रेसवर किंचित घरघर यायला हवी आणि लाकडात पट्टी शिरताच ती जाऊन आवाज स्वच्छ व्हायला हवा. बाहेरच किंचाळल्यासारखा कोरडा आवाज येत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. त्या आवाजात मशीन जोरदार वाटतं, म्हणून लोक तसंच ठेवतात आणि पिस्टन भाजून बसतात. शेवटी आयडलिंगला चेन पूर्ण थांबली पाहिजे. सरकत असेल तर आयडलिंगचा स्क्रू कमी करा, काम त्यानंतर.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी सुरू होत नाही

गरम असताना दोरी विचित्र हलकी लागते का ते बघा. स्विच बंद ठेवून दोरीची मूठ धरा आणि मशीन अधांतरी लटकवा. निरोगी मशीन थबकत, एकेक धक्का घेत खाली उतरतं. सुर्रकन खाली आलं तर सिलिंडरमधला दाब गेला. मग थंड झाल्यावर सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून भोकातून पिस्टनकडे टॉर्च मारा. अंग गुळगुळीत, रिंग मोकळी असेल तर बरं. उभे ओरखडे दिसले, रिंग चिकटलेली दिसली, तर कार्बोरेटरवर आणखी पैसे घालू नका. सायलेन्सर काढलाच आहे तर त्यातली ठिणग्या अडवणारी जाळीही बघून घ्या. ती काजळीने बुजली की मशीन हळूहळू दमायला लागतं. तारेच्या ब्रशने घासा आणि परत बसवा. रानात वाळकं गवत असतं, जाळी काढून टाकायची नाही.

आणखी एक खूण, आणि ही मी सगळ्यात गंभीर मानतो. रेस सोडल्यावर वेग लगेच उतरत नाही, किंवा आयडलिंगला असताना मशीन कुशीवर कलंडवलं की आवाज बदलतो. याचा अर्थ कुठूनतरी जादा हवा आत शिरते आहे. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधलं रबर फाटलेलं असेल किंवा क्रँकची सील गेली असेल. एच जास्त उघडून हा आजार झाकता येतो, पण तो आत वाढत राहतो. अशा वेळी मशीन बंद करा आणि मेकॅनिककडेच द्या. सीलची तपासणी दाब देऊन करावी लागते, ती घरच्या अवजारांनी नीट होत नाही.

‘ताकद नाही’ म्हणणाऱ्यांची चेन आधी बघा

शेजारपाजारचे लोक जुनी मशीन आमच्या खळ्यात घेऊन येतात तेव्हा मी पहिल्यांदा ओंडक्याखाली पडलेला कीस बघतो. धारदार चेन जाड ढलप्या टाकते. पिठासारखा भुसा पडत असेल तर चेन बोथट आहे. मग माणूस पट्टी दाबतो, मशीन तापतं आणि दोष इंजिनाला लागतो.

आमच्याकडे धार घालवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक जांभ्या मातीला टेकलेलं पट्टीचं टोक. दुसरी वाळवीची माती, जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पडून राहिलेल्या आंब्याच्या किंवा आकेशियाच्या ओंडक्यावर वाळवी जी मातीची पुटं चढवते, त्यातून एकदा चेन गेली की सकाळची धार तिथेच संपते. कापायच्या जागी कोयत्याच्या पाठीने ते पूट खरवडून काढायला अर्धं मिनिट लागतं.

कानस चेनच्या मापाची (पिचची, ते इंचात सांगतात) हवी. लहान मशीनवरच्या थ्री-एट्थ लो प्रोफाइल चेनला ४ मिमी, .३२५ च्या चेनला ४.८ मिमी आणि मोठ्या थ्री-एट्थला ५.२ मिमी. चेनचं माप पट्टीच्या मुळाशी कोरलेलं असतं. दाताच्या आतून बाहेर ढकलायचं, परत येताना उचलायचं. ३० अंशाचा कोन धरून प्रत्येक दाताला सारखे हात, तीन तर तीन. एका बाजूचे दात लहान झाले की काप चंद्रकोरीसारखा वळतो. तीन-चार धारांनंतर दातापुढचा उंचवटा चपट्या कानशीने उतरवायचा. दाताच्या टोकापासून तो ०.६५ मिमी खाली हवा, त्याहून जास्त खाली गेला तर मशीन हिसके मारतं.

पट्टीवर गॅरेजमधलं काळं ऑइल घालणं सोडा. त्यात धातूचा कीस असतो, चिकटपणा नसतो, आणि टोकाला पोहोचायच्या आतच ते उडून अंगावर येतं. चेनचं ऑइल पोहोचतंय का हे बघायला पट्टीचं टोक कोरड्या पानासमोर धरून रेस द्या, पानावर ऑइलची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर पट्टी काढा, मुळाजवळचं बारीक छिद्र टाचणीने मोकळं करा आणि खोबण हॅक्सॉच्या तुटक्या ब्लेडने साफ करा. पट्टी दर धारेला उलटी बसवा.

पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा ओंडक्याला लागू देऊ नका, तिथे लागला की करवत क्षणात तोंडाकडे उसळते. ओंडका लाकडी घोडीवर ठेवा, दोन्ही हात मुठीवर, अंगात फुल पँट आणि पायात बूट. पंचा नेसून चेनसॉ चालवताना मी जवळचा माणूस जखमी झालेला पाहिला आहे.

आगोटीला ठेवून देताना

मिश्रण लिटरला २५ मिलि टू-टी ऑइल, जासो एफडी (जपानी मानक) दर्जाचं. मशीनच्या पुस्तिकेत वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा. ऑइल औषधाच्या सिरिंजने मोजा, बुचाने नको. पंधरा दिवसांत संपेल एवढंच करा. उरलं तर मी ते सरळ मोटरसायकलच्या भरलेल्या टाकीत थोडं थोडं ओततो.

मे महिन्याच्या शेवटी पडवी भरली की टाकी पूर्ण रिकामी करतो, मग मशीन आपोआप बंद पडेपर्यंत आयडलिंगला चालू ठेवतो. काही जण म्हणतात की असं केल्याने डायफ्राम सुकतात. आमच्या ओल्या हवेत, या पेट्रोलसह, रिकामं ठेवलेलं मशीनच मला चार पावसाळे नीट सापडलं आहे. थंड झाल्यावर प्लगच्या भोकात चमचाभर टू-टी ऑइल, दोरी दोनदा हळू ओढायची, प्लग परत. एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवायचा, चेन काढून ऑइलच्या डब्यात बुडवून ठेवायची. मशीन जमिनीवर ठेवत नाही, स्वयंपाकघराच्या माळ्यावर, चुलीची ऊब पोहोचते पण विस्तव पोहोचत नाही अशा जागी टांगतो. सोबत पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात एक प्लग, एक फिल्टर, वीतभर नळी आणि कार्बोरेटरचं एक किट ठेवलेलं असतं.